‘काका, लेन्ससाठी लोन काढू का?’

या वेळचं पत्र आपल्या नागपुरातल्याच मानेवाड्याहून आलंय. बरंच मोठं होतं, मी थोडं कापलंय, नाव अर्थातच गाळलंय.

“काका नमस्कार. मी २३ वर्षांची आहे, बीकॉम झालंय, एका सीएच्या ऑफिसात अकाउंट्सचं काम करते, पगार १६ हजार. दीड वर्षापासून सुट्टीच्या दिवशी फुटबॉलच्या मॅचेस आणि १० के, हाफ मॅरेथॉन अशा रनचे फोटो काढते. कॅमेरा सेकंडहँड आहे, क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवाला, सोबत किट लेन्स आणि एक ५५-२५० मिलिमीटरची झूम. एका मॅचला ९००-१००० फोटो होतात पण त्यात धड चार पण निघत नाहीत. ग्रुपवर सगळे म्हणतात ७०-२०० एफ २.८ लेन्स घे, त्याशिवाय स्पोर्ट्स होत नाही. १ लाख ८५ हजाराला मिळतेय, ईएमआय बसतो. बाबा म्हणतात लग्नाचे फोटो काढ, निदान पैसे तरी सुटतील. रनवाले पैसे देत नाहीत, म्हणतात तुमचं नाव होईल. अजून एक गोष्ट. मागच्या महिन्यात एका अंडर-१७ फायनलमध्ये पेनल्टी हुकलेला एक मुलगा गोलपोस्टला डोकं टेकवून रडत होता. तो फोटो मी इन्स्टावर टाकला, माझा आतापर्यंतचा सगळ्यात जास्त चाललेला फोटो आहे तो. चार दिवसांनी त्याचा मेसेज आला, ‘दीदी प्लीज काढा ना.’ मी अजून काढलेला नाही. मित्र म्हणतात पब्लिक ग्राउंडवरचा फोटो आहे, कोणी काही करू शकत नाही. काय करू?”

बेटा, सगळ्यात आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो कारण ते थांबू शकत नाही. फोटो काढ. आपली भाषा पण गमतीची आहे बघ, फोटो घ्यायचा तरी ‘काढायचा’ आणि टाकलेला उतरवायचा तरी ‘काढायचा’च, पहिलं काढणं तू शिकून राहिलीस, आता दुसरं पण करून टाक. हे वाचणं बाजूला ठेव, इन्स्टा उघड, काढ, मग परत ये. का ते खाली सांगतो, त्याला जरा वेळ लागेल आणि त्यात माझंच एक जुनं पाप पण आहे.

लोन मात्र काढू नको.

१६ हजार पगारात १ लाख ८५ हजाराची लेन्स म्हणजे जवळजवळ वर्षभराचा पगार एका काचेत घालणं झालं, आणि ती काच तुझा प्रॉब्लेम सोडवणारच नाही. तू पत्रासोबत पंधरा फोटो पाठवले ते मी चष्मा लावून, मोठ्या स्क्रीनवर, एकेक करून बघितले. पंधरापैकी अकरा फोटोंत प्लेअरची पाठ आहे. उरलेल्या चारांत चेहरा आहे पण चेहऱ्याच्या मागे ओळीने लावलेल्या बाईक्स, एक चहाची टपरी आणि कुठल्यातरी भाऊच्या वाढदिवसाचं फ्लेक्स, तेही प्लेअरच्या डोक्यातून उगवल्यासारखं. आता सांग, पाठ दोन लाखाच्या लेन्सने काढली तरी पाठच येणार ना?

फोटो बघून मला तू कुठे उभी होतीस ते पण कळलं. हाफ लाइनजवळ, मंडपाच्या बाजूला, जिथे सावली आहे, खुर्च्या आहेत आणि पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या आहेत. बरोबर? सगळे नवीन फोटोग्राफर तिथेच असतात, मी पण होतो. तिथून मैदान सगळं दिसतं म्हणून वाटतं की ही बेस्ट जागा, पण सगळं दिसणं हे प्रेक्षकाचं काम आहे, तुला एकच गोष्ट दिसली पाहिजे पण ती समोरून दिसली पाहिजे. जा, गोल लाइनच्या मागे, कॉर्नर फ्लॅग आणि गोलपोस्टच्या मधोमध कुठेतरी, आणि बस. उभी राहू नको, खाली बस, मांडी घालून किंवा छोटं स्टूल घेऊन. अटॅक करणारे सगळे आता तुझ्याकडे तोंड करून येणार. खाली बसल्यावर बाईक्स पण बऱ्याच गायब होतात कारण कॅमेरा जमिनीजवळ गेला की प्लेअरचं डोकं वर आकाशात किंवा झाडांत जातं. त्यात तुझी ती ५५-२५० क्रॉप सेन्सरवर म्हणजे ४०० मिलिमीटरचं काम करते बेटा. पेनल्टी स्पॉट गोल लाइनपासून ११ मीटर, तुझ्यापासून फार तर २५ मीटर, तेवढ्यासाठी ४०० चिक्कार झालं.

हो, २.८ चा फायदा आहेच, नाही म्हणत नाही. एफचा आकडा जेवढा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं. तुझी लेन्स २५० ला एफ ५.६ उघडते, ती दोन लाखवाली २.८, म्हणजे चौपट उजेड, आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळतं. संध्याकाळी साडेपाच-सहाला पावसाचे ढग आले की तुला हा फरक झोंबणार. पण दुपारी चारच्या उन्हात नाही झोंबणार, आणि तुझे खराब फोटो बहुतेक दुपारी चारचेच आहेत.

धूसर का येतात ते पण बघितलं, फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तू ऑटोवर ठेवतेस आणि कॅमेरा शटर १/२५० धरतो, म्हणजे ते सेकंदाचा अडीचशेवा भाग उघडं राहतं. आता हिशोब कर, तू अकाउंट्सवाली आहेस. कडक मारलेला बॉल ताशी १०० किलोमीटरने जातो असं धर, म्हणजे सेकंदाला साधारण २८ मीटर. १/२५० सेकंदात तो ११ सेंटिमीटर सरकतो. बॉल केवढा असतो? २२ सेंटिमीटर. म्हणजे अर्धा बॉल सरकला, मग तो लाडूसारखा न दिसता दुधीभोपळ्यासारखा दिसेल. १/१००० वर तेच सरकणं पावणेतीन सेंटिमीटर होतं. म्हणून फुटबॉलला १/१००० च्या खाली जायचं नाही, जमलं तर वरच, आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड पकडायची ताकद, वाढला तर वाढू दे, दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोकस कंटिन्युअसवर ठेव आणि शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर टाक, पंधरा दिवस अंगठा शिव्या घालेल, मग विसरशील.

डे-नाईट टूर्नामेंटमध्ये तुझे सलग तीन फोटो तीन रंगांचे आले, एक पिवळा, एक काळपट, एक बरा, आणि तू लिहिलंस कॅमेरा बिघडला. बिघडला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण १/१००० वाल्या शटरला बरोबर कळतं, कधी उजेडात सापडतो कधी अंधारात. कॅमेऱ्याच्या मेनूत अँटी-फ्लिकर नावाचा पर्याय असेल तर चालू कर. नसेल तर दोन काढायचे तिथे सहा काढ, एक लागेल.

राहिलं ९०० चं. आमच्या वेळी पेपरच्या ऑफिसातून मॅचला ३६ फोटोंचे दोन फिल्म रोल मिळायचे, त्यातलेही दहा-बारा फ्रेम दुसऱ्या दिवशीच्या उद्घाटनासाठी वाचवायचे. मी १९९१ ला सुरुवात केली, आणि पहिल्याच मोठ्या फायनलला माझा रोल स्पूलवर धरलाच नव्हता, म्हणजे कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकतच नव्हती. काउंटर पुढे जात होता, ३५, ३६, ३७, ३८, मी खूश की आज कंपनीने दोन फ्रेम जास्त दिले. ४१ ला पोटात गोळा आला. दुसऱ्या दिवशी पेपरात कॅप्टनचा जुना पासपोर्ट साइज फोटो छापून आला आणि साहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हे काहून सांगून राहिलो, तर त्या दिवसानंतर मी एक बटण दाबायच्या आधी थांबायला लागलो. तुझं उलट आहे, तू बॉलच्या मागे पळून राहिलीस आणि बोट दाबून ठेवलंय. ९०० फोटो म्हणजे ९० मिनिटांत दर सहा सेकंदाला एक. बघतेस कधी मग?

पुढच्या रविवारी एक करून बघ. पहिली वीस मिनिटं कॅमेरा मांडीवर. नुसती मॅच बघ. कडेने खेळणारा कोणता विंगर आत कापतो, कोण डाव्या पायाचा, कॉर्नरला हेडिंगला कोण वर येतो, गोलकीपर घाबरट आहे की पुढे येतो, कोच कुठे उभा राहून ओरडतो. मोमिनपुऱ्यात नाहीतर कामठीला मॅच असेल तर कॅमेरा न काढता बाजूच्या चाचांशी बोल, त्यांना दोन्ही टीमची कुंडली पाठ असते, कोणाचा गुडघा दुखतो इथपर्यंत. मग कॅमेरा उचल, आणि बॉल कुठे आहे ते बघण्याऐवजी बॉल कुठे येणार त्या माणसावर फोकस ठेवून बस. गोल झाला की स्क्रीन बघू नको! हा सगळ्यांचा रोग आहे, माझा पण होता. गोल झाल्यावरची दहा सेकंद सोन्याची असतात, मारणारा धावत सुटतो, कीपर जाळीतून बॉल काढतो, बेंचवरची पोरं उड्या मारतात, आणि आपण मान खाली घालून मगाचाच फोटो झूम करत असतो.

जागेवरून एक गोष्ट आठवली. १९८२ च्या वर्ल्ड कपचा तो प्रसिद्ध फोटो तू बघितला असशील, मॅराडोना पाठमोरा, पायाशी बॉल, आणि समोर बेल्जियमचे सहा प्लेअर भेदरल्यासारखे. स्टीव्ह पॉवेलने काढलेला. आम्ही सगळे वर्षानुवर्षं समजत होतो की बघा एकटा माणूस आणि सहा जणांची फाटली. प्रत्यक्षात ती फ्री किक होती, त्याच्याच टीमच्या आर्डिलेसने बॉल बाजूला मॅराडोनाकडे सरकवला आणि ते सहा जण म्हणजे किक अडवायला उभी केलेली, नुकतीच मोडत असलेली वॉल होती. ती मॅच अर्जेंटिना हरली पण, १-० ने. फोटोत खोटं काहीच नाही, फ्रेमच्या बाहेर जे राहिलं त्याने सगळी गोष्ट बदलली. हे लक्षात ठेव, त्या रडणाऱ्या पोरापाशी आलो की परत लागेल.

पावसाळ्याचं थोडं. आपली काळी माती, तुला सांगायला नको, बुटाला दोन किलो चिकटते आणि बसलं की उठवत नाही. बुडाखाली जाड प्लास्टिक किंवा जुनं फ्लेक्स घे, त्या वाढदिवसवाल्या भाऊचा तेवढा तरी उपयोग. कॅमेऱ्यावर शॉवर कॅप, लेन्सवर दुधाची धुतलेली पिशवी रबर लावून, बॅगेत सुती पंचा. घरी आल्यावर ओला कॅमेरा बॅगेत बंद करून झोपायचं नाही, मी एकदा झोपलो, लेन्सच्या आत बुरशीची रांगोळी आली होती.

आता रनिंग. इथे तुझे फोटो फुटबॉलपेक्षा बरे आहेत, पण फिनिश लाइनवरच्या सगळ्या फोटोंत लोकांच्या माना खाली का, असं विचारलंस. अगं, ते घड्याळ बंद करतात! फिनिशची मॅट ओलांडली की शंभरातले नव्वद लोक मनगटावर बोट नेतात, टाइम जायला नको ना त्यांचा. चार महिने पहाटे उठून पळालेल्या माणसाचा हयातीतला फोटो, आणि त्यात तो टायटनच्या शोरूममध्ये उभा असल्यासारखा दिसतो. फिनिशच्या पंधरा-वीस मीटर आधीचा चेहरा घे, तिथे दात-ओठ खाणं असतं, रडू असतं, बायको-पोरं कुठे उभी आहेत ते शोधणं असतं. किंवा सरळ फिनिशच्या पुढे जा, जिथे लोक गुडघ्यावर हात ठेवून वाकतात नि मग एकमेकांना मिठ्या मारतात.

पळणाऱ्याचा पाय पण बघायला शीक. पाऊल जमिनीवर सपाट आणि अंग बरोबर त्याच्यावर, त्या क्षणी फोटो घेतला की माणूस बसस्टॉपवर उभा असल्यासारखा दिसतो, मग तो कितीही जोरात पळत असो. दोन्ही पाय हवेत असतात तो क्षण पाहिजे, किंवा मागच्या पायाचा अंगठा जमीन सोडतोय आणि पुढचा गुडघा वर आलाय तो. सेकंदाला तीनएक पावलं पडतात, म्हणजे ताल आहे, तबल्यासारखा, दोन-तीन माणसं नुसती ऐकून सोड, चौथ्याला बोट आपोआप पडतं. इथे सलग दहा फोटो झाडण्यापेक्षा तालावर दोन काढलेले बरे, कारण मागून दोन हजार लोक येऊन राहिलेत आणि तुझं कार्ड एकच आहे.

जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवायला पावणेसात होतात आणि रन सुटते सहाच्या आत-बाहेर. पहिला पाऊण तास अंधार, रस्त्यावरचे दिवे, तोंडातून वाफा. त्यात १/१००० धरून काळे फोटो काढण्यापेक्षा शटर १/३० वर आण, आणि कमरेतून वळत माणसाच्या सोबत कॅमेरा फिरव. वीसमधले एकोणीस वाया जातील, विसावा फ्रेम करून भिंतीवर लावशील. उजाडल्यावर चढाच्या माथ्यावर जा, सेमिनरी हिल्सच्या बाजूला रूट असेल तर फारच छान. चढ चढताना सगळे खाली बघतात, माथ्यावर आले की मान वर करतात नि हुश्श करतात, तो चेहरा. आणि लोकांना कॅमेरा साधारण वीस मीटरवरून दिसतो, दिसला की पोटं आत जातात आणि अंगठे वर येतात, त्यामुळे तुला खरं काही पाहिजे असेल तर लांबून घे, विकायचं असेल तर जवळून.

विकायचं म्हणजे, हो, विकता येतं. पण पहिला आलेला माणूस फोटो विकत घेत नाही, त्याला ढिगाने फुकट मिळतात. घेतो कोण, तर पहिल्यांदा २१ किलोमीटर पळालेली पंचेचाळीस वर्षांची बँकेतली बाई, आणि वजन कमी केलेला इंजिनिअर, आणि नातवाने नाव टाकलं म्हणून आलेले आजोबा. हे सगळे मधे आणि मागे असतात. म्हणून शेवटच्या माणसापर्यंत थांब, ज्याच्या मागे अ‍ॅम्ब्युलन्स रेंगाळत येते त्याच्यापर्यंत. बाकी फोटोग्राफर बक्षीस समारंभाला गेलेले असतात नाहीतर तर्री पोहे खायला. बिब नंबर, म्हणजे छातीवर लावलेला नंबर, स्वच्छ दिसला पाहिजे, त्यावरूनच माणूस आपला फोटो शोधतो.

१९६७ च्या बॉस्टन मॅरेथॉनमधला कॅथरिन स्विट्झरचा फोटो आहे ना, बिब नंबर २६१, आणि बाई पळतेय म्हणून एक अधिकारी तिला रेसमधून ओढायला निघालाय, तो जगभर गेला कारण प्रेसवाल्यांची गाडी नेमकी त्या वेळी तिच्या पुढे चालत होती. ती गाडी विजेत्यांच्या मागे आधीच निघून गेली असती तर? एवढंच.

पैशाचं. ‘तुमचं नाव होईल’ हे वाक्य मी तीस वर्षं ऐकलंय, माझं अजून व्हायचंय. जे लोक टी-शर्टला, मेडलला, डीजेला, स्टेजवरच्या हारांना पैसे देतात ते फोटोला देऊ शकतात. पण कायद्याची एक गोष्ट तुझ्या बाजूने आहे, बहुतेकांना माहीत नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे फोटोचा पहिला मालक फोटो काढणारा. मात्र कोणी पैसे देऊन, सांगून काढून घेतला आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर मालक तो. म्हणजे गंमत बघ, फुकटात काढलेले फोटो तुझेच, ऑर्गनायझरने बॅनरवर न विचारता छापले तर तू विचारू शकतेस, आणि पैसे घेतलेस तर उलट आधी ठरवून घ्यावं लागतं. म्हणून पैसे घे, आणि सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी टाक: फोटो माझे राहतील, तुम्हाला प्रसिद्धीसाठी वापरता येतील, खाली नाव टाकाल. त्यांनी ‘ओके’ लिहिलं की स्क्रीनशॉट. भांडायची गरज नाही, नुसतं लिहून घेतलं की लोक वेगळ्या सुरात बोलतात. आणि रन सोडताना पाहुणे दाखवतात त्या हिरव्या झेंड्याचा फोटो न चुकता काढ, पेमेंट त्या फोटोवर निघतं, हे मी कडू अनुभवाने सांगतो.

तू पत्रात एक ओळ लिहून पुढे निघून गेलीस की मैदानावर तू एकटीच मुलगी असतेस, बाथरूम नसतं आणि पोरं शिट्ट्या मारतात. हे मला कधी सोसावं लागलं नाही, त्यामुळे माझं ज्ञान इथे उधारीचं. माझ्या ओळखीच्या एका महिला कोचना विचारलं, त्या म्हणाल्या, मॅचच्या आधी रेफ्रींना आणि दोन्ही कोचना जाऊन नाव सांगायचं, हात मिळवायचा, म्हणजे मैदानावर चार माणसं तुला नावाने हाक मारतात, शिट्टीवाल्यांना ते ऐकू जातं. ऑर्गनायझरकडून फोटोग्राफरचं बिब किंवा जॅकेट मागून घ्यायचं. आणि मुलींच्या मॅचेस सोडायच्या नाहीत, तिथे फोटोग्राफर जवळपास नसतातच, आणि तू जेवढी जवळ जाऊ शकतेस तेवढा मी कधी जाऊ शकलो नाही. आपल्या शहरात २००१ मध्ये विजय बारसे सरांनी झोपडपट्टी फुटबॉल सुरू केलं, त्यातून किती पोरी-पोरं खेळायला लागली, त्यांचे घरी लावायला फोटो असतात का कधी विचार.

बाबांवर चिडू नको. ते चुकीचं बोलत नाहीयेत, फक्त ‘ऐवजी’ म्हणून राहिलेत, तू ‘सोबत’ ऐक. वरमाला पडणं आणि हेडर लागणं सारखंच असतं, एकदाच होतं, नेमका मामा मधे येतो. एखाद्या चांगल्या लग्नवाल्या फोटोग्राफरकडे सेकंड शूटर म्हणून जा. त्याच्याकडे ती ७०-२०० आहे, शंभर टक्के आहे. आणि आषाढी ते कार्तिकी, चातुर्मासात, लग्नं नसतात, त्याची लेन्स कपाटात पडून असते, आणि आपला फुटबॉल नेमका पावसातच रंगतो. कळलं? दिवसाच्या भाड्याने माग, ओळखीत तर एक डबा संत्रा बर्फीवर पण देईल. दहा मॅचेस त्या लेन्सवर काढ, त्यानंतर पण वाटलं की पाहिजेच, तर बोलू.

आता तो मुलगा.

माझा सगळ्यात गाजलेला फोटो एका शाळेतल्या पोरीचा आहे. जिल्हा पातळीवरची रेस, अनवाणी पळत होती, पहिली होती, आणि टेपच्या आधी दहा मीटरवर पडली. तोंडात माती, एक हात पुढे, मागून दुसरी तिला ओलांडून जातेय. पहिल्या पानावर आला, मला बक्षीस मिळालं, घरी फ्रेम केला. अकरा वर्षांनी बँकेत पासबुक छापायला गेलो. काउंटरवरच्या बाईंनी पासबुकवरचं नाव वाचलं, वर बघितलं आणि म्हणाल्या, ते पेपरात फोटो काढायचे ते तुम्हीच का? मी खुशीत हो म्हटलं. मशीन खर्र खर्र चालू होतं. त्या म्हणाल्या, तो पडलेल्या मुलीचा फोटो होता ना, ती मी. दुसऱ्या दिवशी शेजारी पेपर घेऊन घरी आले, बाबा म्हणाले बस झालं आता, गावभर तमाशा झाला. त्यानंतर पळले नाही. रागाने नाही बोलल्या, जसं बॅलन्स सांगतात तसं सांगितलं, पासबुक परत दिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

मी काय बोलायला पाहिजे होतं ते अजून सुचलेलं नाही.

तुझे मित्र म्हणतील इटलीच्या बॅजिओचा फोटो नाही का, १९९४ च्या वर्ल्ड कपची फायनल, पेनल्टी बारवरून गेली आणि तो कमरेवर हात ठेवून मान खाली घालून उभा, तो तर सगळ्या जगाने छापला. छापला. पण बॅजिओ २७ वर्षांचा होता, त्या आधीच्या वर्षी जगातला सर्वोत्तम प्लेअर ठरलेला, लोकांनी बघावं यासाठीच त्याला पैसे मिळत होते. तुझा मुलगा सतराच्या आतला आहे, सोमवारी त्याच वर्गात बसतो, त्याच टपरीवरून जातो, आणि त्याच्याबद्दल इंटरनेटवर सध्या एवढंच आहे की तो रडला. त्याने त्या मॅचमध्ये आणखी काय काय केलं असेल, ते तुझ्या फ्रेमच्या बाहेर राहिलं. कायद्याने ठेवता येईल कदाचित, मित्र तेवढ्यापुरते बरोबर असतील. पण तो पोरगा ‘दीदी’ म्हणाला आणि ‘प्लीज’ म्हणाला, आणि तू चार लाइकवाल्यांना विचारत बसलीस.

तसा फोटो काढलास यात चूक नाही. पुढे पण काढ, ते आपलं काम आहे, कॅमेरा खाली ठेवला तर मग आपण तिथे कशाला. फक्त दाखवायच्या आधी एक रात्र जाऊ दे, आणि पोरगं लहान असेल तर त्याला किंवा त्याच्या कोचला विचार.

त्याला आता उत्तर दे. ‘काढला, सॉरी, उशीर केला’, एवढंच, भाषण नको. मग तुझ्या त्या ९०० मधे जा आणि त्याला शोध. जो पोरगा फायनलमध्ये पेनल्टी मारायला पुढे आला त्याने आधी काहीतरी चांगलं केलेलंच असणार, एखादी टॅकल, एखादी दौड, नाहीतर टॉसच्या आधी मित्राच्या गळ्यात हात टाकून हसणं. एक सापडेल. ८ बाय १२ ची प्रिंट काढ, ऐंशी-शंभर रुपयांचं काम आहे, मागे तारीख आणि टीम लिही, आणि ग्राउंडवर जाऊन त्याच्या हातात दे. नावाचं स्पेलिंग त्यालाच विचार, अंदाजाने लिहू नको.

आणि पुढच्या मॅचनंतर मला फोटो पाठवशील तेव्हा बारा पाठव. कोणते बारा ते ठरवायला तुला दोन दिवस लागतील, लागू दे.